नोटांच्या छापखान्यातली चेटकीण

१९०१ ते १९०३ या काळात सेंट पीटर्सबर्गमधल्या एका सरकारी छापखान्यातून मुलांसाठी सहा पातळ, मोठ्या आकाराची पुस्तकं बाहेर पडली. या छापखान्याचं रोजचं काम वेगळंच होतं. तिथे रशियन साम्राज्याच्या चलनी नोटा छापल्या जायच्या. जिथे केसाएवढी रेघ इकडची तिकडे झालेली चालत नाही, अशा ठिकाणाहून एक म्हातारी चेटकीण जगात आली. ती उखळात बसून उडते, मुसळाने उखळ हाकते आणि मागे उरलेला माग झाडूने पुसत जाते. तिचं नाव बाबा यागा.

तिचं हे चित्र काढणारा इव्हान बिलिबिन तेव्हा पंचविशीत होता. विद्यापीठात तो कायदा शिकला, आणि त्याच वर्षांत इल्या रेपिन या मोठ्या चित्रकाराच्या हाताखाली चित्रकलाही. १८९९ मध्ये त्याने व्हिक्टर वास्नेत्सोव्हचं ‘बोगातिरी’ हे भलंमोठं चित्र पाहिलं. तीन जुने रशियन वीर, तीन घोडे, मागे मोकळं माळरान. बिलिबिन भारावून गेला. त्याच वर्षी तो त्वेर प्रांतातल्या एग्नी नावाच्या खेड्यात जाऊन राहिला. घनदाट जंगल, लाकडी घरं, खिडक्यांवरचं कोरीवकाम हे सगळं तिथे त्याच्या डोळ्यांसमोर होतं. लोककथांच्या चित्रांना त्याने तिथे हात घातला.

त्याची चित्रं एकदा पाहिली की विसरत नाहीत, आणि त्याचं एक कारण रेघ आहे. आधी पेन्सिलीचं रेखाटन, मग काळ्या शाईची ठाम बाह्यरेघ, आणि त्या रेघेच्या आत सपाट रंग. जपानी छापचित्रांचा प्रभाव त्यात स्पष्ट दिसतो. दुसरं कारण चौकट. जवळपास प्रत्येक मोठ्या चित्राभोवती त्याने नक्षीची रुंद पट्टी काढली आहे. छपाई रंगीत शिळाछापाची. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती ज्या तंत्राने घरोघरी भिंतींवर पोचल्या, तेच हे तंत्र.

मी एका निमशहरी मराठी शाळेत पाचवीला शिकवते. गेली काही वर्षं पावसाळ्यात, जेव्हा मैदानाचा तास वर्गातच काढावा लागतो तेव्हा, मी बिलिबिनची चित्रं घेऊन रशियन लोककथा सांगते. मूळ पुस्तकाचं पान साधारण साडेबत्तीस बाय साडेपंचवीस सेंटिमीटरचं. मी त्याहून जरा मोठ्या रंगीत प्रती काढून घेतल्या आहेत. मुलं बाकं सरकवतात, गोल करून बसतात, आणि चित्र हातोहात फिरतं.

सगळ्यात जास्त मागणी असते वासिलिसाच्या गोष्टीला. आई मरताना वासिलिसाला एक छोटी बाहुली देते. अडचण आली की हिला खाऊ घाल आणि हिचा सल्ला घे, असं सांगून जाते. सावत्र आई घरात येते. एका रात्री घरातला दिवा विझतो आणि विस्तव आणायला वासिलिसाला जंगलात बाबा यागाकडे पाठवलं जातं. वाटेत तिच्या शेजारून एक पांढरा घोडेस्वार जातो आणि उजाडतं. तांबडा जातो आणि सूर्य उगवतो. काळा जातो आणि रात्र पडते. चेटकिणीची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी आहे. कुंपण माणसाच्या हाडांचं, त्यावर कवट्या, आणि अंधार पडला की कवट्यांचे डोळे पेटतात.

बाबा यागा तिला कामं सांगते. गहू निवड. मातीत मिसळलेली खसखस दाणा दाणा वेगळी कर. नाही झालं तर खाऊन टाकीन. इथे वर्गात नेहमी कुजबुज होते, कारण निवडणं-टिपणं हे काम मुलांनी घरी पाहिलेलं असतं. एका मुलाने विचारलं होतं, ‘टीचर, खसखस म्हणजे शिऱ्याच्या रव्याहून पण बारीक ना?’ मी हो म्हटलं. मग त्याने मान हलवली : मेली ही.

पण ती मरत नाही. बाहुली रात्री काम उरकते. शेवटी चेटकीण तिला एक पेटती कवटी काठीवर खोचून देते : घे तुझा विस्तव. वासिलिसा घरी येते, आणि त्या कवटीचे डोळे सावत्र आई आणि तिच्या मुलींवर रोखले जातात, त्यांची राख होईपर्यंत.

बिलिबिनने वासिलिसाचं जे चित्र काढलंय त्यात ती हातात कवटीची काठी घेऊन चेटकिणीच्या घरापासून निघाली आहे. या चित्राचा फोटो दोन वर्षांपूर्वी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. खाली प्रश्न होता : दहा वर्षांच्या मुलांना हे दाखवायचं? एका मुलीच्या आईने लिहिलं की मुलगी रात्री एकटी मोरीत जायला तयार नाही. दुसऱ्याने लिहिलं, आपल्या गोष्टी संपल्या का? संध्याकाळपर्यंत माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला, आणि पालकसभा होईपर्यंत चित्रं कपाटात ठेवायला सांगितलं गेलं.

खुलासा लिहिताना मला कळलं की हा वाद मुळात रशियाचाच आहे, आणि दीडशे वर्षं जुना आहे. फरक एवढाच की तिथे त्याची किंमत माणसांनी नोकरीने मोजली.

या गोष्टी कागदावर आणणारा माणूस म्हणजे अलेक्झांडर अफानास्येव. मॉस्कोत परराष्ट्र खात्याच्या दफ्तरखान्यात तो नोकरीला होता. गावोगाव हिंडून गोष्टी गोळा करणारा तो नव्हे. इतरांनी टिपून पाठवलेले कागद त्याने जमवले. काही रशियन भौगोलिक संस्थेच्या संग्रहातून आले, तर एक मोठा गठ्ठा शब्दकोशकार व्लादिमीर दाल याने दिला. १८५५ ते १८६३ या काळात त्याने आठ भागांत सुमारे ६०० कथा छापल्या. त्यातल्या अनेक गोष्टी सांगणारे लोक तेव्हा भूदास होते. भूदासपद्धत कायद्याने संपली १८६१ मध्ये, म्हणजे हे भाग छापले जात असतानाच. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची कल्पनाशक्ती छापील ग्रंथात बसत होती, आणि हे सगळ्यांनाच रुचलं असं नाही. संतांविषयीच्या लोककथांचा त्याचा वेगळा संग्रह निघाला तेव्हा धर्मपीठाने तक्रार केली आणि त्या पुस्तकावर बंदी आली.

१८६२ मध्ये देशाबाहेर असलेल्या क्रांतिकारकांपैकी एकजण चोरून रशियात आला आणि अफानास्येवला भेटून गेला. चौकशी झाली, झडती झाली. हाती काही लागलं नाही, तरी नोकरी गेली आणि सरकारी नोकरीचे दरवाजे बंद झाले. पोटासाठी त्याने आपली पुस्तकं विकली. १८७१ मध्ये क्षयाने तो गेला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, १८७० मध्ये, त्याने एक काम करून ठेवलं : मोठ्या संग्रहातून निवडून मुलांसाठी एक वेगळं पुस्तक काढलं. आयुष्यभर अभ्यासकांसाठी काम केलेल्या माणसाला शेवटी मुलांची आठवण झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शाळेत या गोष्टी त्याआधीच शिरल्या होत्या. कॉन्स्टँटिन उशिन्स्की या शिक्षणतज्ज्ञाने १८६४ मध्ये ‘रोद्नोये स्लोवो’, म्हणजे मातृभाषा, हे लहान मुलांचं वाचनपुस्तक काढलं. त्यात त्याने लोककथांना मानाची जागा दिली. लिओ टॉलस्टॉयने यास्नाया पोल्याना या आपल्या गावी १८५९ मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली होती. १८६२ मध्ये त्याने एका लेखाच्या मथळ्यातच विचारलं की लिहायला कोणी कोणाकडून शिकायचं, शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून की आपण त्यांच्याकडून? १८७२ मध्ये त्याचं ‘आझ्बुका’ हे अंकलिपीचं पुस्तक आलं. त्यातही लोककथा होत्या.

यामागचा विचार साधा होता. गोष्ट मुलाला आधीच ठाऊक असते. आजीकडून ऐकलेली असते. तीच छापील पानावर दिसली की अक्षरं परकी वाटत नाहीत. १८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्यातले साक्षर जेमतेम २१ टक्के होते. अशा देशात हा विचार किती उपयोगाचा होता, हे वेगळं सांगायला नको. तेव्हाच्या रशियन मुलाला बाबा यागा परकी नव्हती. आपल्या मुलाला हडळ जितकी परकी, तितकीच.

वर्गात हे मला रोज दिसतं. ‘कोलोबोक’ ही तिथल्या लहानग्यांची पहिली गोष्ट. म्हातारीने भाजलेला गोल पाव खिडकीतून टुणकन उडी मारून पळतो, ससा, लांडगा, अस्वल सगळ्यांना चकवतो, आणि कोल्ह्याच्या गोड बोलण्याला फसतो. मी ती सांगायला लागते आणि तिसऱ्या वाक्याला कोणीतरी ओरडतं : हा तर आपला भोपळा! लेकीकडून तूपरोटी खाऊन भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी त्यांना लगेच आठवते. मग वाद होतो की आपली म्हातारी वाचते आणि पाव का मरतो. एका मुलीचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय : म्हातारी आत बसली होती, पाव बाहेर होता. आपल्या गोष्टी संपल्या का, या प्रश्नाला माझ्यापाशी याहून चांगलं उत्तर नाही. परक्या गोष्टीने मुलांना आपली गोष्ट नव्याने बघायला लावली.

रशियात खरी वावटळ आली ती क्रांतीनंतर. १९२० च्या दशकात नव्या सत्तेतल्या अनेक शिक्षणतज्ज्ञांना वाटू लागलं की परीकथा मुलांना खोटं शिकवतात. त्यांत राजे असतात, राजकन्या असतात, बोलणारे लांडगे असतात. नव्या माणसाला यंत्रं आणि वास्तव हवं. वाचनालयांतून पुस्तकं काढून टाकण्याच्या सूचना निघाल्या. फेब्रुवारी १९२८ मध्ये लेनिनची पत्नी आणि शिक्षणखात्यातली मोठी अधिकारी नादेझ्दा क्रूप्स्काया हिने ‘प्रावदा’त कोर्नेय चुकोव्स्कीच्या ‘मगर’ या पद्यकथेवर टीका केली. असं पुस्तक मुलांना देऊ नये, हा तिचा निष्कर्ष. पुढच्याच महिन्यात मॅक्सिम गॉर्कीने चुकोव्स्कीची बाजू घेतली, तरी वारं काही लगेच फिरलं नाही.

चुकोव्स्कीने पुढे ‘दोन ते पाच’ या आपल्या पुस्तकात १९२९ मधला एक प्रसंग लिहिलाय. क्राइमियात अलुप्काच्या आरोग्यधामात तो अंथरुणाला खिळलेल्या मुलांना बॅरन मुन्शहाउझेनच्या थापा वाचून दाखवत होता. मुलं पोट धरून हसत होती. तेवढ्यात एक बाई आली आणि तिने ते पुस्तक काढून घेतलं. तिचं म्हणणं असं की सोव्हिएत मुलांना कल्पित काही नको, खरंखुरं द्या. इंजिनं, रेडिओ. हा प्रसंग वाचल्यावर मला त्या बाईचा राग आला नाही. ती वाईट नव्हती. मुलांचं भलं कशात आहे हे आपल्याला कळतं, एवढीच तिची खात्री होती. आमच्या ग्रुपवरच्या पालकांचीही तीच होती, आणि तीच खात्री कधीकधी माझीही असते.

गंमत बघा, १९२८ याच वर्षी लेनिनग्राडमध्ये व्लादिमीर प्रॉप या अभ्यासकाचं ‘लोककथेची रूपमीमांसा’ हे पुस्तक निघालं. अफानास्येवच्या संग्रहातल्या १०० कथा घेऊन त्याने दाखवलं की पात्रं कितीही बदलली तरी कथेतल्या घटना ३१ ठरावीक टप्प्यांच्या बाहेर जात नाहीत. पुढे १९४६ च्या ग्रंथात त्याने बाबा यागाचा प्रश्न हाती घेतला. त्याच्या मते तिची झोपडी ही वेस आहे. अलीकडे जिवंत माणसांचं जग, पलीकडे मेलेल्यांचं. जुन्या काळी मुलाला मोठं करताना जे विधी व्हायचे, त्यांची आठवण या गोष्टींत उरली आहे. मूल जंगलात जातं, मरणाच्या दारापर्यंत पोचतं आणि मोठं होऊन परत येतं. हे मत सगळ्यांना पटतं असं नाही. पण वासिलिसाच्या हातातली कवटी बघताना मला ते आठवतं. ज्या गोष्टीला ती भीत होती तीच घेऊन ती घरी चालली आहे, आणि जंगलाच्या अंधारात वाट दाखवणारा उजेड तोच आहे.

१९३० च्या दशकात वारं उलटं फिरलं. १९३३ मध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी सरकारी प्रकाशनसंस्था निघाली, १९३४ च्या लेखक परिषदेत गॉर्कीने लोकसाहित्याचं महत्त्व सांगितलं. आता लोककथा ही जनतेची ठेव ठरली. १९३९ मध्ये तयार झालेल्या ‘सुंदर वासिलिसा’ या चित्रपटात बाबा यागा पडद्यावरही आली. कालपर्यंत घातक असलेली चेटकीण आज देशाचा अभिमान. ती स्वतः तसूभरही बदलली नव्हती. तिच्याकडून काय काम करून घ्यायचं, हे मोठ्यांनी बदललं होतं.

बिलिबिन क्रांतीनंतर देश सोडून गेला होता. इजिप्तमध्ये काही वर्षं, मग पॅरिस. १९३६ मध्ये तो परतला आणि लेनिनग्राडच्या कला अकादमीत शिकवू लागला. १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला. बाहेर पडायची संधी त्याने नाकारली. ७ फेब्रुवारी १९४२ रोजी, वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात, उपासमारीने तो मरण पावला. त्याची लोककथांची पुस्तकं पुढे सोव्हिएत काळात पुन्हा छापली गेली, तीही गोझ्नाकने. गोझ्नाक म्हणजे त्याच नोटा छापणाऱ्या छापखान्याचा वारसदार.

साधारण त्याच काळात रशियन पुस्तकं मराठीतही येत होती. मॉस्कोच्या प्रोग्रेस आणि नंतर रादुगा या प्रकाशनांनी मराठीत छापलेली, लोकवाङ्मय गृहामार्फत इथे पोचणारी, अगदी स्वस्त, गुळगुळीत कागदाची पुस्तकं. तुमच्या आईवडिलांना विचारा. बर्फ, सामोवार, बर्च झाडं हे शब्द त्यांना कदाचित तिथूनच मिळाले असतील. त्यामागे एका राज्याचा प्रचार होता हे खरं. पण कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या मुलाने ते पुस्तक प्रचारासाठी उघडलं नव्हतं, चित्रांसाठी उघडलं होतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि तो ओघ आटला.

पालकसभेत मी हा सगळा इतिहास सांगत बसले नाही. एवढंच सांगितलं की भीतीची गोष्ट नुसती ऐकली तर प्रत्येक मूल आपापल्या मनात चेटकीण काढतं, आणि मनातल्या चेटकिणीला माप नसतं. बिलिबिनच्या चेटकिणीला आहे. तिला काळी रेघ आहे. ती एका उखळात मावते. तिच्याभोवती चौकट आहे. आणि तिच्याकडे एका वेळी पस्तीस मुलं बघत असतात. जी मुलगी मोरीत जायला घाबरत होती, तिने पहिल्या दिवशी चित्र पालथं घातलं होतं. तिसऱ्या दिवशी ती कुंपणावरच्या कवट्या बोटाने मोजत होती. तिच्या आईला मी हेही सांगितलं की तुमचं चुकलं नाही. रात्री भीती वाटली तर ती घरात बोलून दाखवता आली पाहिजे, आणि ती मुलगी बोलली.

सगळे पटले नाहीत. मध्यम तोडगा निघाला : चित्रं वर्गात दाखवायची, पण भिंतीवर लावायची नाहीत. तास संपला की कपाटात. हा नियम अजून चालू आहे. यंदाच्या मुलांनी त्यावर स्वतःचा उपाय काढलाय. त्यांनी वहीत आपापली बाबा यागा काढली आणि चौकटीत नक्षी म्हणून जे सुचेल ते भरलं. कोणी तेरड्याची फुलं, कोणी वारली माणसं, एकाने सलग क्रिकेटच्या बॅटी. वह्या कपाटात ठेवायला कोणी सांगितलेलं नाही.

बिलिबिनची ही चित्रं आता कुणाच्या मालकीची नाहीत. नाव टाकून शोधलंत तर मिनिटभरात तुमच्या फोनवर येतील. फक्त एक करा. पडदाभर दिसावं म्हणून फोन चित्राच्या कडा कापतो, आणि नेमकी चौकट जाते. दोन बोटांनी चित्र लहान करा, चारही बाजूंची नक्षी दिसू द्या. आणि जवळपास एखादं मूल असेल, तर फोन त्याच्या हातात देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसा.